तबकडीलाही पाठभेद असतात

प्रश्न असा आहे: 'मी मूळचा कोल्हापूरचा, कामानिमित्त दीड वर्षापासून लंडनमध्ये आहे. सॅम्पल (दुसऱ्या गाण्यातून उचललेला तुकडा) वापरून केलेलं जुनं हाउस (नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत) आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटचं ब्रिटिश डान्स संगीत मला फार आवडतं. "द जॅम्स"च्या "ऑल यू नीड इज लव्ह"ची १९८७ सालची व्हाइट लेबल (कोऱ्या पांढऱ्या लेबलची तबकडी) एक जण २५० पौंडांना देतोय. अस्सल आहे, पाचशेच निघाल्या होत्या, असं म्हणतो. घेऊ का? आणि असा संग्रह करायचाच झाला तर सुरुवात कशी करावी?'

आत्ता घेऊ नका. कायमचं नाही म्हणत नाही, पण थोडं थांबा आणि त्याच्याकडून तीन गोष्टी मागवा. एक, तबकडीच्या दोन्ही बाजूंचे सरळ फोटो. दोन, खाचा संपल्यावर लेबलच्या कडेला जी गुळगुळीत पट्टी उरते, तिच्यावर कोरलेल्या अक्षरांचा तिरप्या उजेडात काढलेला फोटो. आणि तीन, सुई ठेवल्यापासून पहिल्या दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग, त्याच्याच टर्नटेबलवरचं, एकही सेकंद न कापता. या तिन्ही गोष्टी द्यायला जो कुरकुरतो, त्याच्याकडून २५ पौंडांचीही तबकडी घेऊ नये.

मी १९९६ ते २००९ लंडनमध्ये होतो. सोमवार ते शुक्रवार नोकरी, आणि शनिवारी सोहो. बर्विक स्ट्रीटवरचं रेकलेस रेकॉर्ड्स, डार्ब्ले स्ट्रीटवरचं ब्लॅक मार्केट, आणि तिथून नॉटिंग हिलच्या जुन्या तबकड्यांच्या दुकानांपर्यंत पायपीट. आता पुण्यात राहतो. घरात अडीच हजारांच्या आसपास तबकड्या आहेत, त्यातल्या निम्म्याहून जास्त तुम्ही म्हणता त्याच संगीताच्या. एवढ्या वर्षांत जे एक कळलं ते आधी सांगतो, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे.

रॉक किंवा जॅझच्या संग्राहकाला पहिली आवृत्ती हवी असते ती आवाजाच्या दर्जासाठी, नाहीतर ऐतिहासिक मोलासाठी. आतलं संगीत सहसा तेच असतं. सॅम्पलवर उभ्या असलेल्या संगीतात तसं नसतं. कुणाच्या तरी गाण्याचा तुकडा उचललेला असतो, त्या गाण्याचा मालक हरकत घेतो, तुकडा काढला जातो, कापला जातो, दुसऱ्या कुणाकडून गाऊन घेतला जातो, आणि त्याच नावाची, जवळजवळ तशीच दिसणारी नवी तबकडी बाजारात येते. म्हणजे दोन छापांमध्ये दोन वेगळी संगीतं असतात. आपल्याकडे पोथ्यांच्या बाबतीत याला पाठभेद म्हणतात. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करायला घेतली, ती लोकांच्या हातात वेगवेगळे पाठ फिरत होते म्हणून. या तबकड्यांचंही तसंच आहे. तुम्ही वस्तू विकत घेत नाही आहात, एक पाठ विकत घेत आहात. कोणता पाठ, हे कळलं की तो दुर्मिळ आहे का, महाग आहे का, हे प्रश्न पुढचे.

तुमची तबकडी याचं फार चांगलं उदाहरण आहे. द जॅम्स म्हणजे बिल ड्रमंड आणि जिमी कॉटी, पुढे ज्यांना जग द केएलएफ म्हणून ओळखू लागलं. मार्च १९८७ मध्ये त्यांनी हे गाणं एकतर्फी बारा इंची व्हाइट लेबल म्हणून काढलं. प्रती पाचशे. विक्रेत्याचा आकडा खरा आहे, पण खरा आकडा सांगायला तबकडी खरी असावी लागत नाही. त्यात बीटल्सचा तुकडा होता, एमसी५ या बँडची आरोळी होती आणि समांथा फॉक्सच्या त्या काळच्या हिट गाण्यातला भाग होता. परवानगी कुणाचीच नव्हती. वितरकांनी हात लावायला नकार दिला. मग मे महिन्यात त्याच गाण्याची नवी आवृत्ती आली, सर्वांत अडचणीचे तुकडे काढून किंवा ओळखू येणार नाहीत असे बदलून. दुकानात रीतसर विकली गेली ती ही. आता कळेल मी दोन्ही बाजूंचे फोटो का मागतोय. मार्चची तबकडी एकतर्फी आहे. तुमच्या माणसाच्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूला संगीत असेल, तर ती मार्चची नाही, विषय संपला. आणि रेकॉर्डिंग यासाठी, की बीटल्सचं ते समूहगान सुरुवातीला उघडउघड, न झाकता ऐकू आलं पाहिजे. ते नसेल तर लेबल कितीही पांढरं असो.

या मंडळींची पुढची कथा तर प्रत्येक संग्राहकाला माहीत हवी. जूनमध्ये त्यांचा '१९८७' या आकड्याने सुरू होणाऱ्या नावाचा अल्बम आला. त्यात आबा या स्वीडिश पॉप गटाच्या 'डान्सिंग क्वीन'चा मोठा भाग जसाच्या तसा उचललेला होता. आबाकडून तक्रार गेली आणि ब्रिटनमधल्या हक्कांचं काम पाहणाऱ्या संस्थेने विक्री थांबवून उरलेल्या प्रती नष्ट करायला सांगितलं. हे दोघे प्रती घेऊन स्वीडनला गेले, आबाला समजावता येईल या आशेने. भेट झाली नाही. परतीच्या वाटेवर बऱ्याच प्रती एका शेतात जाळल्या आणि उरलेल्या जहाजावरून उत्तर समुद्रात टाकल्या. त्यानंतर त्यांनी 'फॉर्टी-फाइव्ह एडिट्स' नावाची बारा इंची तबकडी काढली. परवानगी नसलेले सगळे तुकडे काढलेला तोच अल्बम. जिथे तुकडा होता तिथे लांबच लांब शांतता. आणि कव्हरवर सूचना, की या रिकाम्या जागी कोणत्या जुन्या तबकड्या वाजवल्या म्हणजे मूळ अल्बम घरच्या घरी तयार होईल.

माझ्याकडे हा दुसरा पाठ आहे, पहिला नाही. तरीही माझ्या संग्रहातली मला सर्वांत मोलाची वाटणारी तबकडी तीच. त्या शांततेत काय होतं हे ज्याला माहीत आहे, त्याला ती भरलेली ऐकू येते. सॅम्पलचं संगीत म्हणजे काय, हे कुणाला समजावायचं असेल तर मी तीच लावतो.

आता माझी स्वतःची ठेच सांगतो. ब्लॅक बॉक्सचं 'राइड ऑन टाइम' तुम्ही ऐकलं असणारच. १९८९ साली ब्रिटनमध्ये सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं, त्या वर्षी तिथे सर्वांत जास्त खपलेलं सिंगल. इटलीच्या तिघांनी केलेलं. त्यातला आवाज लोलिएटा हॉलोवे या शिकागोच्या गायिकेचा, १९८० च्या 'लव्ह सेन्सेशन' या डिस्को गाण्यातून उचललेला. तिथे ती 'राइट ऑन टाइम' म्हणते, ते या लोकांना 'राइड' ऐकू आलं आणि तेच नाव पडलं. टीव्हीवर मात्र एक मॉडेल ओठ हलवताना दिसायची आणि हॉलोवेला ना श्रेय ना पैसे. कायदेशीर कारवाई झाली आणि तिला भरपाई मिळाली. दरम्यान गाण्याची नवी आवृत्ती आली, तिच्यात तोच भाग हीदर स्मॉलने नव्याने गायला. पुढे एम पीपल या बँडमुळे तीही मोठी गायिका झाली.

मला हॉलोवेचा आवाज असलेली तबकडी हवी होती. १९९८ साली एका विक्रेत्याने 'पहिली आवृत्ती' म्हणून दिली, मीही कव्हर बघून, न ऐकता, डोळे झाकून घेतली. घरी येऊन लावली आणि पहिल्याच ओळीला कळलं की गायिका दुसरी आहे. गाते ती उत्तमच, पण हॉलोवेचा तो फाटत जाणारा, देवळात उभं राहून आकांताने हाक मारावी तसा स्वर नाही. शिवाय मूळ पाठात वाक्यं मध्येच कात्रीने कापल्यासारखी तुटतात, श्वास अर्धा राहतो. त्या तुटण्यातच त्या गाण्याची सगळी झिंग आहे. परत करायला गेलो तर विक्रेता म्हणाला, गाणं तेच आहे ना? तेव्हापासून कानाला खडा लावला. ऐकल्याशिवाय घेत नाही. हॉलोवेची ती तबकडी नंतर मला अगदी थोडक्या पैशांत मिळाली, कारण ती दुर्मिळ नाहीच; भरपूर खपली होती. फक्त कोणती कोणती ते ओळखता यायला हवं.

याच्या मागचा काळही थोडा समजून घ्या, म्हणजे तारखा बोलू लागतात. १९८७ साली एम/ए/आर/आर/एस या गटाच्या 'पम्प अप द व्हॉल्यूम'वर स्टॉक, एटकेन आणि वॉटरमन या निर्मात्यांनी मनाई हुकूम मिळवला, त्यांच्या 'रोडब्लॉक'मधला तुकडा वापरला म्हणून. तडजोड अशी झाली की ब्रिटनबाहेर निघणाऱ्या तबकड्यांत तो तुकडा नसेल. म्हणजे या एका गाण्यापुरता कोणत्या देशाचा छाप हा प्रश्न किमतीचा नसून संगीताचा आहे. मग डिसेंबर १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात गिल्बर्ट ओ'सलिव्हनच्या गाण्यावरून रॅपर बिझ मार्कीच्या विरुद्ध निकाल लागला. न्यायाधीश केव्हिन डफी यांनी निकालाची सुरुवातच बायबलमधल्या 'चोरी करू नकोस' या आज्ञेने केली. त्यानंतर मोठ्या कंपन्यांत आधी परवानगी, मग छपाई हा नियम झाला. परवानगीविना काम करणारे छोट्या लेबलांकडे, पाचशे-हजारांच्या छापांकडे आणि पांढऱ्या लेबलांकडे सरकले. म्हणून माझ्या मते दुर्मिळता शोधायची तर ती दोन जागी: १९८६ ते १९९१ मधले मागे घेतलेले छाप, आणि त्यानंतरचे लहान, निनावी छाप.

दुसऱ्या प्रकारातच सर्वांत जास्त फसवणूक होते. कोऱ्या लेबलची नक्कल करायला काहीच लागत नाही. कुणीतरी मूळ तबकडी वाजवून तिचं रेकॉर्डिंग करतो आणि त्यावरून नवी छापतो. अशी बूटलेग ओळखायची सर्वपरिचित युक्ती म्हणजे टकटक ऐकणं. एखाद्या जागी सुई टक् वाजते, पण दिव्याखाली धरली तर त्या जागी ओरखडाच नाही. म्हणजे तो ओरखडा दुसऱ्याच तबकडीवर होता, आवाज तेवढा इकडे आलाय.

पण आपल्या संगीतात ही युक्ती थेट लागू पडत नाही, आणि इथे नवखे लोक अस्सल माल नाकारून बसतात. सॅम्पल मुळातच जुन्या तबकडीवरून घेतलेलं असतं. त्याच्याबरोबर खरखर येते, आणि पुष्कळ निर्मात्यांनी ती मुद्दाम ठेवलेली असते. मूडीमॅनच्या तबकड्या ऐका. डेट्रॉइटचा हा माणूस केडीजे या स्वतःच्या लेबलवर काढतो. त्यातली धूळ ही सजावट नाही, गाण्याचा भागच आहे. मग अस्सल खरखर आणि चोरीची खरखर यांत फरक कसा करायचा? मी तीन ठिकाणी कान लावतो.

सॅम्पलमधली टकटक तालात फिरते. तुकडा दर दोन किंवा चार मात्रांनी परत येत असेल तर टकसुद्धा त्याच जागी परत येते, घड्याळासारखी. बूटलेगमधली टकटक तबकडीच्या फिरण्याला बांधलेली असते. पंचेचाळीसच्या वेगात ती साधारण दर १.३३ सेकंदांनी, तेहतीसच्या वेगात दर १.८ सेकंदांनी येते, आणि गाण्याच्या तालाशी तिचा मेळ बसत नाही. दुसरी जागा म्हणजे जिथे सॅम्पल थांबतं आणि नुसता ड्रम मशीनचा ठोका उरतो ती. तिथे खरखरही थांबली पाहिजे. ठोक्याखाली ती तशीच चालू राहिली आणि तबकडी तर लख्ख आहे, तर समजावं की संपूर्ण गाणंच दुसऱ्या तबकडीवरून उतरवलंय. तिसरी जागा सुरुवातीची: सुई टेकल्यापासून पहिला सूर येईपर्यंतचे दोन-तीन सेकंद. अस्सल छापात तिथे फक्त या तबकडीचा स्वतःचा घर्षणाचा आवाज असतो. बूटलेगमध्ये कधी कधी मूळ तबकडीवर सुई ठेवल्याचा हलका 'ठप्'सुद्धा राहून गेलेला असतो. म्हणूनच मी रेकॉर्डिंग न कापता मागवा म्हणालो.

याला एक अपवाद ध्यानात ठेवा. शिकागोच्या ट्रॅक्स लेबलच्या जुन्या तबकड्या अस्सल असूनही वाईट वाजतात. मालक लॅरी शेरमन यांचा स्वतःचा छपाईचा कारखाना होता आणि तिथे जुन्या तबकड्या वितळवून पुन्हा वापरल्या जात. ट्रॅक्सची तबकडी रेशमासारखी शांत वाजली तर मला आधी शंका येते की हा नंतरचा छाप तर नव्हे.

आता कोरलेल्या अक्षरांकडे वळू. या पट्टीला आम्ही सगळे रनआउटच म्हणतो. तिच्यावरचा मॅट्रिक्स नंबर म्हणजे त्या छापाचा जन्मदाखला. नंबर हाताने कोरलाय की यंत्राने ठोकलाय, शेवटी कोणतं अक्षर आहे, मूळ खाचा कापणाऱ्या कारागिराची सही आहे का, हे सगळं डिस्कॉग्ज या तबकड्यांच्या नोंदींच्या वेबसाइटवरच्या नोंदीशी अक्षर-अक्षर ताडून पाहायचं. सही करणारे कारागीर हळूहळू ओळखीचे होतात. जॉर्ज पेकहॅम 'अ पोर्की प्राइम कट' कोरायचे. डेट्रॉइटच्या पुष्कळ टेक्नो तबकड्यांवर रॉन मर्फी यांच्या स्टुडिओचं 'एनएससी' दिसेल. लंडनच्या द एक्स्चेंज स्टुडिओतले निलेश पटेल 'निल्झ' अशी सही करायचे; डाफ्ट पंक या पॅरिसच्या जोडीच्या पहिल्या अल्बमाचं मास्टरिंग (छपाईआधीचं आवाजावरचं शेवटचं काम) त्यांचं. ही सही मी पहिल्यांदा भिंगातून पाहिली तेव्हा पटेल हे नाव मला माहीत नव्हतं. नंतर कळलं तेव्हा किती आनंद झाला ते सांगता येणार नाही. पॅरिसच्या त्या संगीताला शेवटचा हात आपल्याकडचं नाव असलेल्या माणसाने लावला होता. २०११ साली ते गेले.

डिस्कॉग्जवर किंमत बघताना मागितलेली किंमत बघू नका, झालेल्या विक्रीचा इतिहास बघा. आणि फोटोंपेक्षा त्या नोंदीखालच्या सभासदांच्या टिपा आधी वाचा. बूटलेग कोणत्या वर्षी आली, तिच्या लेबलच्या मधल्या भोकाची कड कशी आहे, अशा गोष्टी लोकांनी तिथे जीव ओतून लिहून ठेवल्यात.

'व्हाइट लेबल' हा शब्द विक्रेते फार सैल वापरतात, तेही सांगून ठेवतो. छपाई ठीक झाली का ते तपासायला मोजक्या प्रती काढतात, ती टेस्ट प्रेसिंग. डीजे आणि दुकानांना आधी वाटायला काढतात, तो प्रोमो. आणि लेबलचं नावच लावायचं नाही म्हणून पांढरं ठेवतात, तो तिसरा प्रकार, ज्यात अर्धं जंगल आणि हार्डकोर (तुटक, वेगवान ड्रमवर चालणारं ब्रिटिश नाचाचं संगीत) येतं. डबप्लेट यांतली कुठलीच नव्हे. ती छापलेली नसते, एकेक कापलेली असते. ॲल्युमिनियमच्या चकतीवर नायट्रोसेल्युलोजच्या रोगणाचा थर. मधल्या भोकात डोकावलं तर धातू दिसतो, हातात जड लागते, आणि प्रत्येक वाजवण्याने झिजते. लंडनच्या म्युझिक हाउसमध्ये जंगलच्या डीजेंच्या रांगा लागायच्या, शनिवारी रात्री वाजवायची डबप्लेट शुक्रवारी कापून घ्यायला. तुम्ही एवढ्यात डबप्लेटच्या वाट्याला जाऊ नका. किंमत जबर, आयुष्य थोडं, आणि खरी कोणती ते सांगणारी माणसं आता कमी.

सुरुवात कुठून करायची? माझं स्पष्ट मत आहे की दुर्मिळ तबकडीपासून करू नये. पहिलं वर्ष स्वस्त तबकड्यांवर कान तयार करण्यात घालवा. स्टारडस्टचं 'म्युझिक साउंड्स बेटर विथ यू' घ्या, १९९८ चं, डाफ्ट पंकमधल्या तोमा बांगाल्तेर यांच्या रूले लेबलवरचं. हजारोंनी खपलेलं आहे, २०१९ साली पुन्हा निघालंही. दोन्ही छाप मिळवा आणि शेजारी ठेवून ऐका. त्याच्या जोडीला चाका खानचं १९८१ चं 'फेट' घ्या, जिथून तो गिटारचा तुकडा आलाय. मूळ गाण्यात तो तुकडा येतो आणि सरळ निघून जातो. त्याच दोन सेकंदांत दुसरं अख्खं गाणं लपलंय हे कुणाच्या तरी कानाला ऐकू आलं. हे एकदा स्वतःच्या घरात, स्वतःच्या सुईवर अनुभवलं की मग पुढचा संग्रह कसा करायचा ते कुणी सांगावं लागत नाही.

त्याच वर्षीचं 'जिम टॉनिक'ही ऐका. बॉब सिंक्लार या फ्रेंच डीजेच्या अल्बमावरचं, बांगाल्तेर यांनीच केलेलं, अभिनेत्री जेन फोंडा यांच्या व्यायामाच्या ध्वनिमुद्रणातला आवाज वापरलेलं. त्या आवाजाची परवानगी नव्हती, म्हणून ते सिंगल म्हणून रीतसर बाजारात येऊ शकलं नाही. आणि स्पेसडस्ट नावाच्या मंडळींनी दुसऱ्या आवाजात तेच गाणं करून ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक गाठला. दोन्ही आजही महाग नाहीत. पाठभेद शिकायला यापेक्षा सोपा धडा मला माहीत नाही.

मूळ गाण्याची तबकडी शेजारी ठेवणं ही माझी फार जुनी सवय आहे आणि तुम्हीही ती लावून घ्यावी असं मनापासून वाटतं. जंगल संगीताचा निम्मा डोलारा ज्या सहा-सात सेकंदांच्या ड्रमवर उभा आहे, तो द विन्स्टन्सच्या १९६९ च्या 'आमेन, ब्रदर'मधला, आणि वाजवणारा ग्रेगरी कोलमन. तो शेवटी रस्त्यावर राहत होता आणि तसाच गेला. बँडचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना २०१५ साली चाहत्यांनी वर्गणी काढून सुमारे २४ हजार पौंड दिले, तेव्हा कुठे त्या तुकड्याचे पैसे पहिल्यांदा त्यांच्या हातात पडले. मी जंगलची तबकडी लावतो तेव्हा कोलमनचं नाव समोर असावं म्हणून ती सात इंची तबकडी घेऊन ठेवली आहे.

आपल्या घरातल्याही गोष्टी यात आहेत. २००२ साली ट्रुथ हर्ट्स या अमेरिकन गायिकेच्या 'ॲडिक्टिव्ह'मध्ये लतादीदींच्या 'थोडा रेशम लगता है'चा मोठा भाग उचलला होता. 'ज्योती' हा १९८१ चा चित्रपट, संगीत बप्पी लाहिरींचं. २००३ साली अमेरिकेच्या न्यायालयाने हुकूम दिला की बप्पीदांचं श्रेय छापल्याशिवाय ते गाणं असलेला अल्बम विकायचा नाही. माझ्याकडे बारा इंची 'ॲडिक्टिव्ह' आणि 'ज्योती'ची एलपी एकाच कप्प्यात आहेत. एलपी मला मुंबईच्या चोर बाजारात मिळाली, पाऊस पडत असताना, प्लास्टिकखाली. तुम्ही सुट्टीला घरी याल तेव्हा आजोबा-मामांच्या कपाटात बघा. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या हिंदी चित्रपटांच्या एलपी युरोपातले निर्माते इकडे येऊन शोधतात आणि आपल्याकडे त्या माळ्यावर पडून असतात. मुंबईत जन्मलेल्या आशा पुथलींच्या १९७६ च्या 'स्पेस टॉक'चंही तसंच. न्यूयॉर्कच्या 'द लॉफ्ट' या नाचाच्या पार्ट्यांत डेव्हिड मॅन्कुसो ते वाजवायचे, पुढे कित्येकांनी त्याचे तुकडे घेतले. नाव आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक.

तुम्ही कधीतरी परत याल म्हणून सामानाचंही बोलतो. शंभर बारा इंची तबकड्या म्हणजे कव्हरसकट वीस-पंचवीस किलो, हा हिशेब आधीपासून मनात असू द्या. मोजक्या मोलाच्या तबकड्या हातातल्या बॅगेत आणायच्या. बाकीच्या पाठवताना तबकडी कव्हरमधून बाहेर काढून कव्हरच्या मागे ठेवायची, नाहीतर धक्क्याने कव्हरची शिवण फाटते. इथे आल्यावर शत्रू दोन. मे महिन्यात बंद गाडीत अर्धा तास राहिलेली तबकडी पापडासारखी वाकते. आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात बुरशी धरते ती तबकडीवरच्या बोटांच्या ठशांना, कागदाच्या पाकिटाला आणि लेबलला. म्हणून आल्याबरोबर धुवायच्या, कागदी पाकिटं बदलून आतून प्लास्टिकचं अस्तर असलेली घालायची, उभ्या ठेवायच्या, भिंतीला चिकटवायच्या नाहीत. जाड, मऊ पीव्हीसीची बाहेरची पाकिटं टाळा. आपल्या उन्हाळ्यात ती तबकडीवर धूसर डाग पाडतात. माझ्या तीन तबकड्या त्यात गेल्या. तबकडीच्या स्थितीची श्रेणी ठरवताना विक्रेत्याच्या 'व्हीजी प्लस'वर ('व्हीजी' म्हणजे 'व्हेरी गुड', प्लस म्हणजे त्याहून वर) विसंबू नका. ब्रिटनमधले कडक विक्रेते ज्याला 'व्हीजी' म्हणतात, त्याला दुसरे बिनदिक्कत 'जवळजवळ नवी' म्हणतात.

पुन्हा तुमच्या २५० पौंडांकडे येतो. फोटोत दुसरी बाजू कोरी निघाली, रनआउटची अक्षरं नोंदीशी जुळली, सुरुवात न झाकलेल्या बीटल्सने झाली आणि खरखर तालात फिरत असली, तर त्याला सांगा की समक्ष भेटून ऐकून घेतो. लंडनमध्येच आहात, हे शक्य आहे. पैसे तबकडी ऐकल्यावरच द्यायचे. द केएलएफने १९९२ साली ब्रिटनमधली आपली सगळी जुनी ध्वनिमुद्रणं बाजारातून काढून घेतली, तेव्हापासून त्यांच्या नावावर गिऱ्हाइकं तुटून पडतात आणि बूटलेगवालेही, म्हणून एवढी काळजी. आणि ती मे महिन्याची निघाली तरी तोंड पाडू नका. भाव पाडून मागा आणि रास्त वाटला तर तीही घ्या. त्यातल्या बदललेल्या जागा एकेक करून वहीत उतरवून ठेवा, कोणत्या मिनिटाला काय नाही ते. मार्चची हाती येईल तेव्हा ती वही उघडून बसा. मला तशी वही भरायला चार वर्षं लागली होती आणि तिची पहिली सहा पानं याच गाण्याची आहेत.